सांगणाऱ्याचं नाव : जैवविविधता नोंदवहीचा मागोवा

ॲमस्टरडॅममध्ये १६७८ साली छापून आलेल्या एका लॅटिन ग्रंथाच्या सुरुवातीच्या पानांवर दोन दाखले आहेत. त्यातला एक मल्याळममध्ये, कोलेळुत्तु या जुन्या लिपीत, आणि दुसरा कोंकणीत, नागरी लिपीत. दोन्हींवर एप्रिल १६७५ ही तारीख आहे. ग्रंथाचं नाव 'होर्तुस मलाबारिकुस', म्हणजे मलबारची बाग. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेड यानं तो करवून घेतला. १६९३ पर्यंत त्याचे बारा खंड निघाले. त्यात मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रं, नावं आणि औषधी उपयोग आहेत.

मल्याळम दाखला इट्टी अच्युतन या वैद्याचा आहे. चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळीचा हा माणूस एळवा समाजातला होता आणि वैद्यकी त्याच्या घराण्यात पिढीजात चालत आलेली होती. घरच्या ग्रंथांतून आणि दीर्घ अनुभवातून आपल्याला ठाऊक असलेल्या झाडापाल्याची नावं आणि गुण आपण कंपनीच्या दुभाष्याला सांगितले, असं तो त्यात नमूद करतो. कोंकणी दाखल्याखाली रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट अशी तीन नावं आहेत. गोव्यातून परागंदा होऊन कोचीनला वसलेल्या समाजातले हे तिघे वैद्य. जवळजवळ दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ आपण हे काम करत होतो आणि झाडपाला गोळा करायला नोकर पाठवत होतो, असं ते लिहून देतात. ग्रंथातल्या चित्रांवर वनस्पतींची नावंही रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिप्यांत कोरलेली आहेत.

व्हान रेडनं हे दाखले आपल्या गरजेपोटी छापले. युरोपातल्या पंडितांनी माहितीवर विश्वास ठेवावा म्हणून सांगणाऱ्यांची साक्ष त्याला हवी होती. हेतू काहीही असो, एळवा समाजाला पावलोपावली अस्पृश्यता सोसावी लागत होती त्या काळात एका एळवा वैद्याचं नाव, गाव, घराणं आणि त्याचे स्वतःचे शब्द छापले गेले. रानावनातून पाला आणणाऱ्या नोकरांची नावं मात्र त्या बारा खंडांत नाहीत. सांगणारा, लिहिणारा आणि प्रत्यक्ष रानात जाणारा यांच्यातली ही उतरंड तेव्हापासून आजच्या संशोधन प्रकल्पांपर्यंत फारशी बदललेली नाही.

त्याच्याही आधी, १५६३ मध्ये, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक छापलं गेलं. भारतातल्या औषधी द्रव्यांबद्दलचं हे पुस्तक संवादाच्या रूपात आहे. ओर्ता आणि त्याचा पाहुणा रुआनो बोलत असतात आणि मध्येच आणखी कोणी येतं. अँतोनिया नावाची दासी झाडपाला घेऊन येते, मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपलं मत सांगतो. कोणाकडून काय कळलं हे वाचकाला दिसत राहतं. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप केला आणि युरोपभर तोच वाचला गेला. त्यानं संवाद काढून टाकला आणि द्रव्यांचं वर्णन तेवढं ठेवलं. त्याबरोबर अँतोनिया गेली, मालुपा गेला, सगळ्या वस्तूंना एकाच लेखकाचा आवाज आला. माहिती नेटकी करायची तर माणसं गाळावी लागतात, ही समजूत तेव्हापासूनची आहे आणि ती अजून शाबूत आहे.

पुढच्या दोन-अडीच शतकांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्या काळात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. लिनिअसनं होर्तुसचा भरपूर आधार घेतला आणि वनस्पतींना लॅटिन नावं दिली. इंग्रजी अमलात गॅझेटियर निघाले, वनखात्याच्या याद्या निघाल्या, जॉर्ज वॉट यांचा आर्थिक उत्पादनांचा प्रचंड कोश १८८९ पासून खंडाखंडांनी निघाला. त्यांत 'देशी नाव' नोंदलं जाई. भिल्ल काय म्हणतात, गोंड काय म्हणतात, मराठीत काय म्हणतात, सगळं असे. सांगणाऱ्या भिल्लाचं, गोंडाचं नाव बहुधा नसे. ज्या जंगलाची माहिती त्यानं दिली त्याच जंगलात १८७८ च्या वनकायद्यानं त्याला गुन्हेगार ठरवलं होतं. ज्ञान घेतलं गेलं आणि ते ज्याच्यावर पोसलं होतं ते रान त्याच्या हातून काढून घेतलं गेलं. या दोन गोष्टी एकाच काळात, एकाच सरकारनं केल्या, हे या मागोव्यात विसरून चालणार नाही.

खरी उलथापालथ स्वतंत्र भारतात सुरू झाली, आणि तीही केरळातच. १९८२ साली केंद्र सरकारनं आदिवासींच्या ज्ञानाच्या नोंदीसाठी एक देशव्यापी संशोधन प्रकल्प हाती घेतला होता. त्याचं एक पथक डिसेंबर १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतरांगेत चढत होतं. पथकाचे प्रमुख होते डॉ. पी. पुष्पांगदन. बरोबर काणी आदिवासी वाटाडे होते. चढण चढून शास्त्रज्ञ थकले, वाटाडे मात्र ताजेतवाने. अधूनमधून ते कसलीशी लहान फळं तोंडात टाकत होते. त्यांनी ती थकलेल्या मंडळींनाही दिली, आणि त्यांचा शीण गेला. कसली फळं, असं विचारल्यावर वाटाडे कचरले. बाहेरच्याला सांगायची ती गोष्ट नव्हती. बरीच मनधरणी झाली, गैरवापर होणार नाही असा शब्द दिला गेला, तेव्हा कुठे त्यांनी झाड दाखवलं. काणी त्याला आरोग्यपच्चा म्हणतात.

पालोडच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेनं त्यावर काम करून आणखी तीन वनस्पतींसह 'जीवनी' नावाचं शक्तिवर्धक तयार केलं. १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला ते बनवण्याचा परवाना सात वर्षांसाठी देण्यात आला. परवाना शुल्क दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन ठरलं. यातला अर्धा वाटा काणींना द्यायचा, असा निर्णय संस्थेनं घेतला. तेव्हा असा कोणताही कायदा देशात नव्हता. संशोधकांनी आपणहून घेतलेला हा निर्णय होता आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. १९९७ मध्ये काणींचा न्यास नोंदवला गेला, १९९९ मध्ये त्याच्या खात्यावर पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम जमा झाली. २००२ च्या जोहान्सबर्गच्या शाश्वत विकास परिषदेत या प्रयोगाचा जगासमोर गौरव झाला.

कौतुकाच्या कथनात पुढचा भाग बऱ्याचदा गळतो. काणी काही एका गावात राहत नाहीत. त्यांच्या वस्त्या वेगवेगळ्या पंचायतींत विखुरलेल्या आहेत. दोघा-तिघा वाटाड्यांनी दाखवलेलं झाड म्हणजे सगळ्या काणींची संमती होते का? त्यांच्यातल्या काही परंपरागत वैद्यांनी, ज्यांना ते प्लाथी म्हणतात, आमचं ज्ञान खासगी कंपनीला विकू नये असा आक्षेप घेतला होता. त्यांच्या दृष्टीनं हे ज्ञान प्लाथीनं राखायचं होतं. त्या वाटाड्यांना ते उघड करण्याचा अधिकार होता की नाही, हा प्रश्न संशोधन सुरू होण्यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता. शिवाय कंपनीला पानं हवी झाली तेव्हा वनखातं आडवं आलं, कारण राखीव जंगलातून ती तोडायची परवानगी काणींना नव्हती. झाडाचं ज्ञान त्यांचं ठरलं आणि झाड सरकारचं राहिलं.

मला काणींच्या या प्रकरणात पैशांच्या वाटणीपेक्षा तो कचरण्याचा क्षण मोठा वाटतो. वाटाडे सांगायला तयार नव्हते. त्यांच्या त्या नाखुशीची नोंद कुठल्या रकान्यात करायची? संशोधनाच्या वहीत 'सांगितलं' यासाठी जागा असते, 'सांगायचं नाही' यासाठी नसते. पुढे पंचवीस-तीस वर्षं जगभर जे नियम आणि जाहीरनामे झाले ते सगळे या न दिलेल्या जागेसाठी झाले, असं मी म्हणेन.

१९८८ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेम शहरी लोकवनस्पतींचे अभ्यासक जमले आणि मूळनिवासींच्या ज्ञानाचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. १९९२ च्या जैवविविधता करारात कलम ८ (ञ) आलं, त्यात या ज्ञानाचा आदर, त्याच्या धारकांची मान्यता आणि लाभाची वाटणी हे शब्द आले. १९९३ मध्ये न्यूझीलंडमध्ये मूळनिवासींनी स्वतः एकत्र येऊन मातातुआ जाहीरनामा केला, आमच्या ज्ञानाची व्याख्या आम्ही करू असं त्यात म्हटलं. १९९८ मध्ये कॅनडातल्या मूळनिवासींनी आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्तानं चार हक्क मांडले : माहितीवर मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती पाहण्याचा अधिकार आमचा आणि ती जिथे ठेवली आहे ती जागाही आमच्या ताब्यात हवी. चौथी मागणी फार महत्त्वाची आहे. वही कोणाच्या कपाटात आहे यावर बाकीचे तिन्ही हक्क टिकतात किंवा बुडतात.

भारतात त्याच सुमारास हळदीचा वाद पेटला. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना पेटंट मिळालं. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं, तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकारानं, त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून सादर झाले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. माशेलकर हे मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्यामुळे आपल्याकडे या विजयाचं अप्रूप जास्तच होतं, आणि ते रास्तही होतं. त्यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले योग जगातल्या पेटंट कार्यालयांना पाहता येतील, बाकीच्यांना नाही, अशी व्यवस्था झाली.

पण हळदीच्या लढाईनं एक धडा देशाच्या मनावर बिंबवला आणि तो अर्धाच बरोबर होता : लिहून ठेवलं तर वाचेल. ग्रंथात असलेल्या ज्ञानासाठी हे खरं आहे. चरकाचं काही चोरीला जाऊ नये म्हणून चरक दाखवता येतो. जे ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही, एखाद्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहे, ते उघड लिहून ठेवलं की पेटंट कदाचित अडेल, पण त्याच दिवसापासून ते सगळ्यांचं होतं. मग त्यावर औषध काढणाऱ्यानं त्या पाड्याला विचारायचं कारण उरत नाही. संरक्षणासाठी केलेली नोंदच हक्क घालवू शकते.

याच पेचाच्या काळात आपली जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याबद्दलच्या ज्ञानाची गावानं ठेवायची नोंद, जन्माला आली. तिचं बीज पुण्यात आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. वर्तक हे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. सह्याद्रीच्या गावागावांत जाऊन त्यांनी राया पाहिल्या, त्यांची नोंद केली. १९७६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध देवरायांवरच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. हे काम करताना गाडगीळांना एक गोष्ट स्पष्ट दिसली असणार : राया टिकल्या त्या वनखात्यामुळे नाही, त्या टिकल्या गावाच्या नियमांमुळे. काय तोडायचं नाही, केव्हा आत जायचं नाही, कोणी जायचं नाही, हे गावानं ठरवलेलं होतं. निसर्गाची माहिती आणि तिच्या वापराचे नियम लोकांकडे एकत्रच नांदतात. नियम सोडून नुसती माहिती उचलली तर ती अर्धी राहते.

पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करताना गाडगीळांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयीन शिक्षकांचं आणि विद्यार्थ्यांचं जाळं बांधलं. १९९० च्या दशकाच्या मध्यात, स्थानिक आरोग्य परंपरांवर काम करणाऱ्या बंगळूरच्या एका संस्थेच्या साथीनं, लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना आकाराला आली. १९९६ ते १९९८ या काळात देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या ५२ ठिकाणी अशा नोंदवह्या तयार झाल्या. त्या काळची कल्पना आजच्या सरकारी नमुन्यापेक्षा फार ऐसपैस होती. कुठलं झाड, कुठला मासा, कुठला कंद हे तर त्यात होतंच. त्याबरोबर ते कोण वापरतं, कशावरून भांडणं आहेत, गेल्या काही दशकांत काय आटलं आणि का, बाहेरच्यांनी काय लुटून नेलं, आणि लोकांना आपल्या गावाचं पुढे काय व्हायला हवं आहे, हेही लिहायचं होतं. नोंदवही हे गावाच्या हातातलं कागदपत्र व्हावं, धरणाच्या किंवा खाणीच्या सुनावणीत ते गावकऱ्यांना पुढे ठेवता यावं, हा तिचा आशय होता. त्याच काळात केरळातून एक ठाम सूर उमटला. कन्नूर जिल्ह्यातल्या पट्टुवम पंचायतीनं एप्रिल १९९७ मध्ये आपल्या हद्दीतल्या सगळ्या जनुकीय संपत्तीवर आपली मालकी जाहीर केली. कायद्याच्या दृष्टीनं त्या घोषणेला किती वजन होतं हा प्रश्न वेगळा, पण वहीचा मालक कोण याचं उत्तर त्या गावानं संसदेच्या पाच वर्षं आधी दिलं होतं.

२००२ मध्ये जैविक विविधता कायदा झाला, २००४ मध्ये त्याचे नियम आले. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी, आणि लोकांशी विचारविनिमय करून नोंदवही तयार करणं हे त्या समितीचं मुख्य काम असावं, असं नियमांत आलं. समितीत अध्यक्षांशिवाय सहापर्यंत सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया, असं तेव्हा ठरलं होतं. पुढे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवहीतल्या ज्ञानाचं रक्षण करण्याची, विशेषतः बाहेरच्या व्यक्ती आणि संस्थांना ते पाहू देण्यावर नियंत्रण ठेवण्याची जबाबदारी समितीवर टाकली गेली. कागदावर पाहिलं तर कॅनडातल्या मूळनिवासींनी मागितलेल्या त्या चारही गोष्टींचा अंश यात आहे. अशी वही देशातल्या प्रत्येक पंचायतीत असावी असं कायद्यानं ठरवणारे देश जगात फार नाहीत. याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

मात्र वर्षानुवर्षं वह्या झाल्याच नाहीत. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे याचिका आली तेव्हा सगळ्या देशात जेमतेम तेराशे-चौदाशे नोंदवह्या होत्या. लवादानं ऑगस्ट २०१९ मध्ये बजावलं की ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पूर्ण करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून प्रत्येक राज्यानं दरमहा दहा लाख रुपये भरावेत. मग चक्रं फिरली आणि फार वेगानं फिरली. काही वर्षांतच हा आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला. महाराष्ट्रातही अठ्ठावीस हजारांच्या आसपास समित्या कागदावर उभ्या राहिल्या.

हरित लवादाचा हेतू चांगला होता, पण त्या मुदतीनं नोंदवहीचं मोठं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. रानाची नोंद करायची तर एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा तरी पाहावा लागतो. अळंबी मृगाच्या पावसानंतर उगवते, मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पडतं, कडूकांदा केव्हा खणायचा आणि किती पाण्यात किती वेळा उकळायचा हे हंगामात बसूनच कळतं. पाच-सहा महिन्यांच्या मुदतीत हे होणं शक्य नव्हतं. अनेक ठिकाणी काम बाहेरच्या एजन्सींना दिलं गेलं, तक्ते भरले गेले, सह्या झाल्या. शेजारशेजारच्या गावांच्या नोंदी शब्दशः सारख्या निघाल्याच्या तक्रारी आल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी क्लुसियसनं अँतोनियाला गाळलं, तेच पुन्हा घडलं. गोव्यात मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नोंदवह्या अद्ययावत करून पडताळण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यातच घाईत झालेल्या कामाची कबुली आहे.

चुकीची किंवा उसनी नोंद निरुपयोगी असते, खरी आणि उघडी नोंद घातक ठरू शकते. सह्याद्रीतला नरक्या हे याचं सर्वांत दुःखद उदाहरण. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७२ मध्ये या झाडात कॅम्प्टोथेसिन भरपूर असल्याचं दाखवून दिलं. कॅन्सरवरची औषधं त्या द्रव्यापासून बनतात. शोध मोलाचा होता आणि त्यानं माणसांचे जीव वाचले आहेत. पण झाड कुठे वाढतं हे व्यापाऱ्यांना कळलं तेव्हा कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्या खोडामुळासकट उपटून नेला गेला. तोडणाऱ्या गावकऱ्याला मजुरी मिळाली, कुठल्याही गावाला लाभाचा वाटा मिळाला नाही, आणि कित्येक टेकड्यांवरून झाडच नाहीसं झालं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन परिसरशास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणं छापू नका. सह्याद्रीतल्या माणसाला ही गोष्ट नरक्यानं केव्हाच शिकवली होती.

इथे आजच्या विज्ञानाचा एक खरा पेच आहे. खुला डेटा ही विज्ञानाची ताकद आहे, त्याशिवाय हवामानबदल समजणार नाही, स्थलांतर करणारे पक्षी समजणार नाहीत. डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा, असं २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ठरवलं. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, मूळनिवासींच्या जागतिक गटानं त्याला चार गोष्टी जोडल्या : लाभ समूहाला व्हावा, नियंत्रणाचा अधिकार समूहाकडे असावा, संशोधकानं जबाबदारी घ्यावी, आणि नीतीचा विचार सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हावा. काही संस्थांनी तर माहितीला चिठ्ठ्या लावण्याची पद्धत आणली आहे. ही माहिती ठरावीक हंगामातच पाहायची, ही फक्त स्त्रियांनी पाहायची, असं त्या चिठ्ठ्या सांगतात. देवराईचे नियम डिजिटल रूपात परतल्यासारखं हे आहे.

आपल्याकडे याहून साधा आणि मजबूत आधार आहे, तो वनहक्क कायद्यात. २००६ च्या या कायद्याच्या कलम ३ (१) (ट) मध्ये जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा आणि तिच्याशी निगडित बौद्धिक संपदेचा व पारंपरिक ज्ञानाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. हक्काचा धारक समूह आहे, आणि त्याच्या वतीनं बोलण्याचं ठिकाण ग्रामसभा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांपैकी एक ठरलं, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं महाराष्ट्राला परिचित आहेत. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणाही. त्यामानानं गावाचा अभ्यासगट कमी चर्चिला गेला. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, विषय समजून घेतात, चर्चा करतात, आणि मग निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतो. संशोधन गावाबद्दल होत नाही, गाव संशोधन करतं. प्रश्न ठरवणारे, माहिती गोळा करणारे आणि तिचा उपयोग करणारे तेच असले की संमतीचा कागद स्वतंत्रपणे काढावा लागत नाही.

आणि इथेच कायद्याच्या यंत्रणेतली मोठी फट दिसते. जैवविविधता समिती पंचायतीची असते, तर वनहक्क गावाच्या ग्रामसभेचे. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावं असली, त्यातला एक पाडा आदिवासींचा असला, तर त्या पाड्याचं ज्ञान पंचायतीच्या वहीत जातं आणि ते कोणाला दाखवायचं हे पंचायतीचे नेमलेले सदस्य ठरवतात. काणींची अडचण हीच होती. नोंदवहीची मालकी ग्रामसभेकडे, पाड्याकडे गेली पाहिजे, असं मला वाटतं. महाराष्ट्र शासनानं २०२२ मध्ये १७२ कोटींहून अधिक खर्चाचा महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्प मंजूर केला, त्यात वनहक्काच्या क्षेत्रांचे व्यवस्थापन आराखडेही आहेत. ही गोष्ट तिथे करून दाखवता येण्यासारखी आहे.

घाई करायला कारणही आहे. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निकाल दिला की भारतीय कंपन्यांनीही स्थानिक समूहांना लाभाचा वाटा दिलाच पाहिजे. त्यानंतर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना आता लाभवाटपाच्या बंधनातून सूट आहे, आणि जे फौजदारी गुन्हे होते ते दंडावर आले आहेत. म्हणजे ज्ञान मान्य ग्रंथात आहे की पाड्यावरच्या माणसाच्या तोंडी आहे, यावर आता पैशांचा हिशोब ठरणार. ग्रंथांतलं कितीतरी ज्ञान कधीकाळी रानातल्याच कोणा माणसानं सांगितलेलं असणार. त्याचं नाव गाळलं गेलं आणि त्याबरोबर त्याचा वाटाही गेला. इट्टी अच्युतनला निदान दाखला मिळाला होता.

परिसरशास्त्रातला एखादा विद्यार्थी हे वाचत असेल तर त्याला एवढंच सांगावंसं वाटतं : प्रकल्पाचा अर्ज भरण्यापूर्वी ग्रामसभेत जाऊन बसा, विषय ठरायच्या आधी. नको म्हणाले तर परत या. हो म्हणाले तर सांगणाऱ्यांना विचारून त्यांची नावं लिहा, जे लिहायचं नाही म्हणतील ते लिहू नका, आणि काम संपल्यावर मराठीत, गोंडीत, कातकरीत, जी भाषा गावाची असेल तीत ते परत नेऊन वाचून दाखवा.

आणि तुम्ही कुठल्याही गावचे असाल, आदिवासी भागातले नसाल तरी, तुमच्या ग्रामपंचायतीत कायद्यानं एक जैवविविधता समिती आहे आणि तिच्या नावावर एक नोंदवही तयार झालेली असण्याची दाट शक्यता आहे. पुढच्या ग्रामसभेत ती मागवा. ती कोणी भरली, कोणाला विचारून भरली आणि तिची प्रत आणखी कुठे कुठे गेली आहे, हे विचारा. सांगणाऱ्यांची नावं त्यात नसतील, किंवा ज्यांना नको होतं त्यांचं ज्ञान त्यात आलं असेल, तर ती दुरुस्त करण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा.